एवढ्याने काय होतंय!

आज सकाळी पुन्हा तेच. ठमीला, म्हणजे आमच्या कुत्रीला, फिरवून आणलं, लिफ्टसमोर उभ्या होतो. शेजारच्या काकांनी खिशातून क्रीमचं बिस्कीट काढलं आणि सरळ तिच्या तोंडात दिलं. मी "काका, नको" म्हणेपर्यंत तिचं गिळूनही झालं. वर काका हसून म्हणतात, "अगं, एवढ्याने काय होतंय!"

काय होतं ते सांगते.

गेल्या गणपतीत आरतीनंतर आईंनी (सासूबाईंनी) ठमीला पंचखाद्य दिलं. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. "बाप्पाचा प्रसाद आहे, तिलाही नको का?" मीही काही बोलले नाही. घरात पंधरा माणसं, कोण बोलणार? रात्री उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, "त्यात मनुका-बेदाणे होते का?"

द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. आणि किती दाणे चालतात याचा हिशेबच नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन मजेत फिरतं, दुसरं थोडक्यातच जातं. तीन दिवस सलाईन, दर वेळी क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालतेय ते सांगणारा) रिपोर्ट येईपर्यंत पोटात गोळा. चौदा किलोची ठमी त्या टेबलावर केवढीशी दिसत होती.

तेव्हापासून मी सोसायटीतली "ती कटकटी बाई" आहे. चालेल मला.

कारण बाकीचं काय चालतं बघा. रविवारी रश्श्यातल्या मटणाच्या फोडी नळाखाली धुऊन कुत्र्याला. कांदा-लसूण धुतल्याने जातो का हो? तो फोडींत मुरलेला असतो आणि कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मग कोंबडीची शिजलेली हाडं, जी मोडली की सुईसारखी होतात. चॉकलेट मोदक! आणि शुगरफ्री च्युइंगम, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीला घालतात ते) असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. हे सगळं प्रेमाने बरं का. राग येतो तो याचाच, कारण प्रेमाने देणाऱ्याशी भांडताही येत नाही.

दुकानातलं तरी काय सांगू. परवा कुत्र्यांना चघळायला देतात ते हाडाच्या आकाराचं रंगीत च्यू हातात घेतलं आणि विचारलं, यात काय आहे? तर म्हणे, "मॅडम, सगळे नेतात." पाठीमागे बारीक अक्षरात वाचलं तर गुरांचं कातडं आणि रंग. रंग कोणासाठी? ठमीला लाल रंग धड दिसतही नाही.

हो, माहितीये, गावाकडची कुत्री भाकरी आणि ताकावर जगली. दहीभात ठमीही खाते. पण ती कुत्री दिवसभर शेतात पळायची, तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर लोळत नव्हती. आमच्या डॉक्टरांचं साधं गणित आहे, दिवसभराच्या कॅलरींपैकी खाऊचा वाटा 10 टक्क्यांच्या वर नको. आता लिफ्टमधले काका, वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरची पोरं, सगळ्यांचं एकेक बिस्कीट धरा.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या तीन दिवसांत आईंनी धड जेवण केलं नव्हतं. देवासमोर बसून "माझ्या हातून झालं" एवढंच म्हणत होत्या. मी त्यांना एकदाही बोलले नाही, पण एकदाही "तुमची चूक नाही" असंही म्हटलं नाही. ते आजही टोचतं. आता त्या लाल भोपळ्याची भाजी करताना फोडणीआधी चार फोडी वेगळ्या काढतात, मिठाशिवाय उकडतात आणि फुंकर घालून गार करतात. ठमी तेवढा वेळ त्यांच्या पायाशी शेपूट आपटत बसते.

तर काका, वाचत असाल तर, खिशात गाजराचे नाहीतर काकडीचे तुकडे ठेवा. ती तुमच्यासमोर तशीच शहाण्यासारखी बसेल, शप्पत. क्रीमची बिस्किटं मला द्या, मला चालतात.