एअरबॅगचा फ्यूज काढायला सांगणारा तो मेसेज

गेल्या रविवारी मिरजेहून दाजींचा फोन आला. त्यांनी एक जुनी व्हिटारा ब्रेझा बघून ठेवली होती. २०२० ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, ४६ हजार किलोमीटर झालेली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबवत नाही, म्हणून ऑटोमॅटिकच हवी होती. टोकन देऊन झालेलं. शेवटी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आणि हो, एअरबॅगचा फ्यूज काढून ठेवायला सांगितलंय यार्डवाल्याला. लगेच हो म्हणाला बिचारा."

मी विचारलं, "दाजी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अरे, तो मेसेज आलाय ना ग्रुपवर. तू नाही वाचलास?"

वाचला होता. 'जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? आधी हे वाचा' असं डोक्यावर लिहिलेला तो मेसेज तीन आठवड्यांत माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. ती माझी चूक झाली. वाहन विम्याचा सर्व्हेअर म्हणून अपघात झालेल्या गाड्या उघडून बघणं हे माझं रोजचं काम आहे. मीच गप्प बसल्यावर घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला तर दोष कुणाला द्यायचा?

मेसेज रिकॉलबद्दल आहे. रिकॉल म्हणजे दोष निघाला म्हणून दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. रिकॉल झालेलं मॉडेल म्हणजे कंपनीनेच नापास केलेली गाडी, ती घेऊच नका. रिकॉलचं काम फक्त पहिल्या मालकाला आणि वॉरंटी असेपर्यंतच फुकट मिळतं, सेकंडहँडवाल्याला पदरचे पैसे घालावे लागतात. रिकॉलसाठी गाडी नेली की सर्व्हिस सेंटरवाले चांगले पार्ट काढून घेतात आणि वर बिल लावतात. ज्या गाड्यांना एअरबॅगचा रिकॉल आलाय त्यांचा एअरबॅगचा फ्यूज काढून टाका, कारण एअरबॅग धोकादायक आहे हे कंपनीनेच कबूल केलंय. आणि शेवटी, नेटवरच्या तक्रारी मोजा, ज्या गाडीच्या सगळ्यात कमी तीच घ्या.

फ्यूजपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसे जातील, याने माणूस जाईल.

हे खूळ कुठून निघालं ते मला कळतं. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या. ऑल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, बलेनो, ग्रँड व्हिटारा आणि नवी ब्रेझा. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ एवढ्या काळात बनलेल्या. संशय एअरबॅगच्या कंट्रोलरवर, म्हणजे एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणाऱ्या भागावर होता. कंट्रोलर बदलून होईपर्यंत संशयित गाडी चालवू नका, असंही कंपनीने सांगितलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंच उचललं. दोष काय होता ते वाचायची तसदी घेतली नाही. दोष असा होता की क्वचित प्रसंगी, धडक झाल्यावर एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर काम करणार नाहीत. म्हणजे एअरबॅग न उघडणं हाच धोका होता! फ्यूज काढल्यावर तोच दोष आपण आपल्या हाताने गाडीत बसवतो. तिथे तो क्वचित घडणार होता, इथे दर वेळी घडणार. शिवाय दाजींची गाडी २०२० ची. त्या रिकॉलशी तिचा काडीचाही संबंध नाही.

एअरबॅगच जिवावर उठल्याचं एक खरं प्रकरण आहे, ते नाकारत नाही. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये पिशवी फुगवणारा जो इन्फ्लेटर होता, त्यात अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहून ते बिघडायचं, आणि मग एअरबॅग उघडताना इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. त्यात माणसं मेली. एकट्या अमेरिकेत अंदाजे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या, आणि २०१७ मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही त्यापायी गाड्या परत बोलावल्या गेल्या. पण त्यावरचा इलाज काय होता? इन्फ्लेटर फुकट बदलून देणं. फ्यूज उपटून तशीच गाडी वर्षानुवर्षं चालवा, असं तिथेही कुणी सांगितलं नाही.

फ्यूज काढल्याने फक्त पिशवी बंद पडते, असंही नाही. सीटबेल्टच्या रिळाशी स्फोटकाचा एक छोटा बार असतो. धडक झाली त्याच क्षणी तो पट्टा मागे खेचून माणसाला सीटला घट्ट धरतो. त्याला प्रीटेन्शनर म्हणतात, आणि तो एअरबॅगच्या कंट्रोलरवरच चालतो. फ्यूज गेला की तोही मेला. मग समोरून धडक झाली तर सैल पट्ट्यातला माणूस पुढे येतो आणि समोर पिशवी नसते, स्टिअरिंग असतं.

सोमवारी सकाळी मी दाजींना घेऊन त्या यार्डवर गेलो. इग्निशन ऑन केलं. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले, एकेक विझत गेले, आणि तांबडा दिवा तसाच राहिला: बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा. फ्यूज आधीच काढलेला होता. यार्डवाल्याच्या शर्टाच्या खिशात होता, त्याने तो काढून दाखवलाही. वर म्हणाला, "साहेब, दिव्याचं टेन्शन घेऊ नका, तो पण बंद करून देतो." तेव्हा दाजींचा चेहरा बदलला. मी तासभर फोनवर सांगून जे त्यांना पटलं नव्हतं, ते त्या एका वाक्याने पटलं.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा दिवा बघावा. इग्निशन ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कारण मग बहुधा कुणीतरी तो दिवाच काढलाय. काही वर्षांपूर्वी मी एका गाडीचा सर्व्हे केला होता. आधीच्या कुठल्या तरी धडकेत तिची एअरबॅग उघडून गेलेली. नवीन बसवायचा खर्च वाचवायला स्टिअरिंगच्या मधल्या पॅडमागे वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता आणि झाकण डिंकाने चिकटवलं होतं. ज्यांनी ती सेकंडहँड घेतली त्यांना याचा पत्ताच नव्हता. धडकेनंतर कळलं. तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता पहिला आणि दुसरा मुद्दा, म्हणजे 'कंपनीनेच नापास केलेली' आणि 'फक्त पहिल्या मालकाला'. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं, ते वाचा. एखाद्या प्रकारच्या गाडीतल्या दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, आत बसलेल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होण्याची शक्यता असेल, आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी, चाचणी संस्थेने किंवा आणखी कुठून तो दोष सरकारच्या कानावर घातला गेला असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला त्या प्रकारच्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग ज्या ज्या गाडीत आहे त्या सगळ्या परत बोलवायच्या, मॉडेल कुठलंही असो. मग उत्पादकाने पूर्ण किंमत परत करायची, किंवा गाडी बदलून द्यायची, किंवा दुरुस्त करून द्यायची, आणि वर दंडही भरायचा. पण उत्पादकाच्या स्वतःच्याच लक्षात दोष आला तर त्याने तो सरकारला कळवून आपणहून रिकॉल सुरू करायचा, तसं केलं तर त्याला दंड नाही. म्हणजे आपणहून रिकॉल जाहीर करणारी कंपनी कायद्याने सांगितलेलं कर्तव्य करते आहे. यात गाडी नापास झाली असं कुठे आलं? मला तर ज्या मॉडेलचा इतक्या वर्षांत एकही रिकॉल नाही, त्याच्याबद्दल जास्त शंका येते.

आणि आदेश निघतो तो गाड्यांबद्दल. रिकॉल चेसिस नंबरला चिकटलेला असतो, आरसीवरच्या नावाला नाही. गाडी तीन हात फिरून आलेली असली तरी चेसिस नंबर तोच राहतो.

याच मुद्द्यात मेसेजचं एक अर्धसत्य आहे, ते मान्य करावं लागतं. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे सरकारचा सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू होतो. वर्षाला दहा हजारांहून जास्त खपणाऱ्या कारसाठी १,२५० तक्रारींची अटही आहे, आणि ती मला फार जाचक वाटते. शिवाय दुसऱ्या मालकापर्यंत निरोप पोचत नाही हेही खरं, कारण कंपनीच्या नोंदीत पहिल्याच मालकाचा मोबाइल असतो. पण निरोप न पोचणं वेगळं आणि हक्कच नसणं वेगळं. कंपनीने आपणहून जाहीर केलेल्या रिकॉलचं काम तर वॉरंटीशी बांधलेलंही नसतं.

दाजींच्याच गाडीचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ च्या पेट्रोल गाड्या परत बोलावल्या. एकूण १,८१,७५४. मोटर जनरेटर युनिट, म्हणजे इंजिनला जोर देणारा आणि वीजही तयार करणारा भाग, तपासायचा आणि लागलं तर फुकट बदलून द्यायचा होता. तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, अशी सूचना होती. कृष्णा-वारणेच्या काठावर राहणाऱ्यांना ती सूचना किती महत्त्वाची होती हे सांगायला नको. त्याच जुलैमध्ये सांगलीत पाणी शिरलं होतं.

आरसीवरून चेसिस नंबर उतरवून घेतला. एमए३ ने सुरू होणारा, एकूण १७ अक्षर-अंकांचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, "सर, याचं एक काम पेंडिंग दिसतंय." पहिल्या मालकांची २०२१ मध्येच पुण्याला बदली झाली, नंबर बदलला, निरोप त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. बुधवारी सकाळी गाडी नेली, दुपारी परत आली. युनिट बदललं. जॉबकार्डवर रक्कम शून्य. मालक दुसरा आहे म्हणून कुणी हटकलं नाही.

'चांगले पार्ट काढून घेतात, बिल लावतात' या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर त्या जॉबकार्डातच आहे. गेलात की बाकीची कामं सुचवतात हे खरं आहे. दाजींनाही वायपर आणि व्हील अलाइनमेंट सुचवली. 'फक्त रिकॉलचं काम करा, बाकी मला विचारल्याशिवाय हात लावू नका' असं जॉबकार्डवर लिहून घ्यायचं आणि मगच सही करायची.

राहिल्या तक्रारी. भरपूर खपलेल्या गाडीच्या तक्रारी जास्त असणारच, आणि वर्षाला चारशे खपणाऱ्या गाडीबद्दल नेटवर काही सापडणार नाही. नुसती संख्या मोजून काय मिळणार? एकच भाग, साधारण तेवढ्याच किलोमीटरला, वेगवेगळ्या गावांतल्या मालकांकडून पुन्हा पुन्हा येतोय का, ते बघायचं. 'मायलेज देत नाही' अशा शंभर तक्रारींपेक्षा 'चालत्या गाडीत स्टिअरिंग जड झालं' अशा पाच तक्रारी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. आणि तुमच्याच गाडीत असं काही झालं तर ग्रुपवर टाकून थांबू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. ग्रुपवरचा राग कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

आमच्या भागात जुनी गाडी घेताना रिकॉलपेक्षा मोठी भीती पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाडीची आहे, आणि त्याबद्दल त्या लांबलचक मेसेजमध्ये एक ओळ नाही. आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. रोज न निघणारा तो शेवटचा हातभर पट्टा बघा. पुरात बुडालेल्या गाडीत तिथे गाळाची रेघ राहते. सीटची कव्हरं धुतात, कार्पेट बदलतात, अत्तर मारतात, पण रिळात गुंडाळलेला पट्टा कुणी धूत बसत नाही. मग डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचलून कोपऱ्यात बोट फिरवा.

दाजींच्या गाडीचा पट्टा शेवटपर्यंत स्वच्छ निघाला. फ्यूज यार्डवाल्याच्या खिशातून परत घेतला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तो जागच्या जागी बसवला आणि बुधवारी सर्व्हिस सेंटरला एअरबॅगची यंत्रणा स्कॅनही करून घेतली. आता इग्निशन ऑन केलं की तो तांबडा दिवा लागतो आणि विझतो. ताई शेजारी बसली असेल तर दाजी तो विझेपर्यंत गाडी गिअरमध्ये टाकत नाहीत. मेसेज ज्याने ग्रुपवर टाकला त्या मावसभावाला मी हे सगळं लिहून पाठवलंय. त्याने तो अजून काढलेला नाही. ज्यांच्याकडे तो मेसेज आलाय त्यांनी निदान फ्यूजची ओळ वाचून कुणी खरंच फ्यूज काढलाय का, एवढी घरात चौकशी करावी.