ब्रीदर पाइप मोकळा सोडू नका

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) इंटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीकडे जाणारा ब्रीदर पाइप काढा आणि तोंडाला छोटा फिल्टर बसवा. म्हणजे इंजिन स्वतःचाच धूर खाणार नाही, पॉवर आणि मायलेज वाढेल, इंजिन आतून स्वच्छ राहील. पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू परत इंटेकमध्ये नेणारी यंत्रणा) फक्त प्रदूषणाच्या नियमांसाठी असतं. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकी सल्ला इंजिनाच्या मुळावर येणारा आहे.

‘पीसीव्ही फक्त प्रदूषणासाठी’

कॅलिफोर्नियाने 1961 साली ही यंत्रणा सक्तीची केली ती हवेसाठीच. पण फायदा इंजिनालाही झाला. पिस्टन रिंगांमधून थोडा वायू खाली उतरतोच, कोऱ्या इंजिनातसुद्धा. त्यात न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडं ऑइलच्या चेंबरमध्येही, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोचतं. रोजची फेरी चार-पाच किलोमीटरची असेल तर ऑइल नीट तापत नाही आणि ही वाफ त्यातच मिसळते. फिलर कॅपच्या आतल्या बाजूला दिसणारा पिवळट, चिकट थर तो हाच. पुढे ऑइल आम्लधर्मी होतं आणि गाळ धरतं.

वाफ बाहेर काढायची तर आत हवा खेळती हवी. एअर फिल्टरमधली स्वच्छ हवा ब्रीदरने आत येते आणि मॅनिफोल्डचा (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम पीसीव्ही व्हॉल्व्हमधून वायू ओढून घेतो. दोन्ही नळ्या काढल्या की ही ओढच संपते. दाब साठेल तेवढाच वायू बाहेर पडतो. 1961 पूर्वीच्या गाड्यांत खाली सोडलेली नळी असायची. गाडी पळताना ती वायू ओढायची आणि हळू चालताना निकामी व्हायची.

‘धूर बंद झाला की पॉवर वाढते’

ब्रीदरमधून वायू फक्त बाहेरच येतो, असा इथे समज आहे. पेट्रोल इंजिनात आयडलिंगला आणि मध्यम वेगात त्याच नळीतून हवा आत जात असते. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जवळजवळ शून्य होतो, रिंगांमधून उतरणारा वायू वाढतो आणि जादा वायू उलट ब्रीदरने इंटेकमध्ये येतो. म्हणून पीसीव्ही जोडलेलं ठेवून ब्रीदरला छोटा फिल्टर लावला, की मास एअरफ्लो सेन्सरने न मोजलेली हवा इंजिनात शिरते. मिश्रण पातळ होतं, आयडलिंग वर-खाली होतं, पी0171 हा ‘मिश्रण पातळ’ सांगणारा कोड येतो. निरोगी इंजिनात हा वायू एकूण हवेच्या मानाने इतका थोडा असतो की तो तोडून जाणवण्याइतकी पॉवर मिळत नाही.

डिझेलमध्ये धोका वेगळा. ब्रीदर टर्बोच्या आधी जोडलेला असतो. तिथलं भोक उघडं राहिलं तर न गाळलेली धूळ थेट टर्बोत जाते.

‘पाइपमध्ये ऑइल म्हणजे सेपरेटर गेला’

सेपरेटर म्हणजे वायूतलं ऑइल वेगळं करणारा भाग. पाइपमध्ये पातळ ओशटपणा सगळीकडे असतो. सेपरेटरमधले आडवे पडदे किंवा सायक्लोन वायूला वळणं देतात. जड थेंब भिंतीवर आदळून खाली परततात, मायक्रॉनहून बारीक थेंब मात्र निसटतात. थेंब परत नेणारी नळी चोंदली किंवा ऑइल मॅक्स खुणेच्या वर भरलं, तर ऑइल भरपूर येऊ लागतं. म्हणून आधी डिपस्टिक पाहा. सेपरेटर बदलण्याचा खर्च त्यानंतर.

‘इंजिन स्वच्छ राहतं’

अर्धं खरं आहे ते इथे. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडत नाही, त्यामुळे ऑइलच्या वाफेचा कार्बन धुऊन निघत नाही. त्यावर उपाय आहे बंद कॅच कॅन, म्हणजे वायूतलं ऑइल अडवणारा डबा. तो पीसीव्ही आणि मॅनिफोल्डच्या मधे, मूळ नळीइतक्याच आतल्या व्यासाच्या, ऑइलला टिकणाऱ्या होजने जोडायचा. कॅनमध्ये पडदे किंवा स्टीलची जाळी हवीच. रिकामा डबा फारसं काही अडवत नाही. थंडीत त्यात पाणी जास्त साठतं, तेव्हा लवकर रिकामा करा. वर फिल्टर असलेला उघडा कॅन नको. त्याचा वास केबिनमध्ये येतो, थेंब गरम एक्झॉस्टवर पडू शकतात, आणि क्रँककेसचा वायू बाहेर सोडणारी पेट्रोल कार भारतातल्या मान्यता चाचणीत बसत नाही.

मग तपासायचं काय?

पेट्रोल इंजिन गरम करून आयडलिंगला फिलर कॅप काढा आणि भोकावर पातळ प्लास्टिक धरा. हलकंसं आत ओढलं गेलं तर ठीक. बाहेर फुगलं तर पीसीव्ही चोंदलंय किंवा रिंगा झिजल्यात. व्हॉल्व्ह सुटा असेल तर काढून हलवा; टकटक आली नाही तर बदला, भाग स्वस्त असतो. नव्या व्हॉल्व्हनेही फुगणं थांबलं नाही तर लीक-डाउन टेस्ट (सिलेंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारी चाचणी) करून घ्या. कॅप घट्ट चिकटली असेल आणि बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर क्रँककेसचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा डायफ्राम (लवचीक पडदा) फाटलाय. बऱ्याच गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, मग अख्खं कव्हर बदलावं लागतं. चोंदलेलं पीसीव्ही तसंच राहिलं तर दाब ऑइल सीलमधून वाट काढतो, आणि क्रँकचं मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.