तडकलेलं डाळिंब

"चांगला माल सगळा तुमच्याकडे जातो, आमच्या ताटात तडकलेलं." गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर चुलतभावानं हे टाकलं. डाळिंबाची निर्यातच बंद करा, असंही. सहा जणांनी अंगठे दिले. मी रॉटरडॅमच्या ट्रॅममध्ये होतो. घरी येईपर्यंत डोकं शांत झालं नाही.

निर्यात बंद करा म्हणे! सांगोल्याच्या माळावर ठिबकच्या पाण्यावर लोकांनी घरं उभी केली, ती कशाच्या जिवावर? २०१६ला सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हाच भाऊ छाती फुगवून सांगत होता. तेल्या रोग पडून मामानं अख्खी बाग उपटली, तेव्हा मात्र कुणी शब्द काढला नाही.

युरोपात माल पाठवायचा तर बाग नोंदवावी लागते, फळात औषधाचा अंश किती राहिला ते प्रयोगशाळेत तपासतात. तशी तपासणी सोलापूरच्या बाजारात येणाऱ्या फळाला का नको, यावर भांडा ना! इथं मी लेबल वाचल्याशिवाय फळ उचलत नाही. गावी आल्यावर विचारलं तर 'लई शहाणा' म्हणतात.

पण खरं टोचलं ते 'तुमच्याकडे'. अकरा वर्षं झाली, फोनवर मी अजून सोलापूरलाच 'आमच्याकडे' म्हणतो.

आणि तडकलेलं म्हणजे हलकं, हे कधी ठरलं? दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं मामाकडेच असायचो. कोरड पडलेल्या बागेवर परतीचा पाऊस आला की फळं उकलायची. व्यापारी ती घेत नसे, म्हणून ती पाटीभर घरी यायची. मामी अर्धं फळ परातीवर उपडं धरून पळीनं ठोकायची, दाणे टपटप पडायचे. 'गणेश' जातीचे ते फिकट गुलाबी दाणे, बी इतकी मऊ की थुंकायची गरज नाही. शेवटच्या मुठीसाठी आम्ही मारामारी केली आहे.

इथं 'भगवा' जातीचं डाळिंब मिळतं. गडद लाल, जाड सालीचं, बोटीचा प्रवास सोसणारं. मी ते दर शनिवारी घेतो, आवडीनं खातो. पण अकरा वर्षांत तडकलेलं एकही फळ माझ्या हाताला लागलेलं नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकणार होतो. शेवटी भावाला एवढंच विचारलं, सांगोल्याला पाऊस झाला का.