‘मुंबईत कुठे बर्फ पडतो?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गाडीसाठी सिंथेटिक इंजिन ऑइल कसं निवडावं, या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक जुना चालक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती काढून टाक, असं दोन मित्रांनी सुचवलं. मी काढलेली नाही. सगळ्यांना दिसावी म्हणून इथेच देतो. (त्यातले ०डब्ल्यू, ५डब्ल्यू, २०डब्ल्यू-५० हे ऑइलच्या ग्रेडचे आकडे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंड इंजिनात पातळ. डब्ल्यूनंतरचा आकडा गरम इंजिनातल्या दाटपणाचा.)

“मुंबईत कुठे बर्फ पडतो? इथे ०डब्ल्यू, ५डब्ल्यू सांगणं म्हणजे लोकांचे पैसे उकळणं. आमच्या गाड्या २०डब्ल्यू-५० वर लाख-लाख किलोमीटर पळाल्या. ज्याला तुम्ही फुल सिंथेटिक म्हणता ते बहुतेक वेळा ग्रुप ३, म्हणजे मिनरलच. आणि एपीआय एसपी २०१८ ला नाही, २०२० ला आलं. हात काळे न करता लॅपटॉपवर लिहिणाऱ्या दलालांपेक्षा आपल्या मिस्त्रीला विचारा.”

सालाची चूक माझी. एपीआय एसपी हे पेट्रोल गाड्यांच्या ऑइलचा दर्जा सांगणारं अमेरिकन मानक, आणि एसएन प्लस त्याच्या आधीचं. २०१८ ला आलं ते एसएन प्लस. एसपी मे २०२० पासून. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘दलाल’. त्या लेखात एकाही ऑइल कंपनीचं नाव नाही. कुठल्या दुकानाचा पत्ता नाही, कुठे खरेदी करा याची लिंक नाही. मी एवढंच लिहिलं होतं की मॅन्युअल उघडा, त्यात दिलेली ग्रेड आणि स्पेसिफिकेशन बघा, डब्याच्या मागच्या बाजूला तेच लिहिलंय का ते तपासा आणि ज्या कंपनीचं परवडेल त्या कंपनीचं घ्या. यात दलाली कोणाची झाली? मतभेद असू द्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण समोरच्याला ओळखत नसताना तो पैसे घेऊन लिहितो असं जाहीरपणे म्हणायचं, तर हातात काहीतरी पुरावा हवा. तो तुमच्याकडे नाही, कारण तो असूच शकत नाही.

आणि ‘हात काळे न करता’. हे वाक्य मी रात्री दोनदा वाचलं. माझे बाबा लालबागला राहून सव्वीस वर्षं काळी-पिवळी चालवायचे. प्रीमियर पद्मिनी. सातवीत असल्यापासून दर सर्व्हिसिंगला गाडीखाली पत्र्याचा डबा सरकवून ऑइलच्या चेंबरचा नट सोडायचं काम माझं होतं. गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत कसं ओघळतं ते मला लॅपटॉपवरून कळलेलं नाही.

तुमच्या बर्फाच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच गाडीत आहे. बाबा पहाटे पाचला सेल्फ मारायचे आणि डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझेपर्यंत ॲक्सिलेटरला पाय लावायचे नाहीत. दिवा विझल्यावरही दोन मिनिटं गाडी तशीच उभी. मी शाळेचं दप्तर घेऊन मागच्या सीटवर बसलेला असायचो आणि ती दोन मिनिटं मला फार लांब वाटायची. “अजून वर चढलं नाही रे,” म्हणायचे. त्या इंजिनात घट्ट ऑइल होतं, तुमच्या २०डब्ल्यू-५० च्याच जातीचं. ऋतू कुठला? मे महिनासुद्धा. तेव्हा लालबागला बर्फ पडत नव्हता.

मुंबईत नोंदलं गेलेलं सर्वात कमी तापमान ७.४ अंश आहे, सांताक्रूझला, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे इथे गोठणारी थंडी नाही हे मलाही ठाऊक आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर हेही ठाऊक आहे, आणि ५डब्ल्यूची चाचणी उणे तीस अंशांना होते हेही. पण इंजिनाच्या दृष्टीने ‘थंड’ म्हणजे काय? चालू इंजिनात ऑइल नव्वद-शंभर अंशांच्या आसपास असतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चेंबरमध्ये ते बाहेरच्या हवेइतकंच, पंचवीस-तीस अंशांवर असतं. ही सत्तर अंशांची दरी मुंबईत रोज सकाळी पार करावी लागते. ऑइलच्या माहितीपत्रकात दाटपणा दोन तापमानांना दिलेला असतो, चाळीस आणि शंभर अंशांना. चाळीस अंश म्हणजे मुंबईच्या दुपारपेक्षाही जास्त. तिथेसुद्धा ५डब्ल्यू-३० साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक्स (दाटपणा मोजायचं एकक) भरतं, आणि २०डब्ल्यू-५० साधारण १६०च्या पुढे. दुपटीहून जास्त घट्ट, तेही चाळीस अंशांना! पहाटेच्या चोवीस-पंचविसाला दोन्ही आणखी घट्ट होतात. पद्मिनीच्या इंजिनाला ते चालायचं, कारण त्याच्या भागांमधल्या फटी मोठ्या होत्या. आजच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणाच ऑइलच्या दाबावर चालते, तिच्या वाटा बारीक आहेत. टर्बो असेल तर त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. तिथे ‘अजून वर चढलं नाही’ म्हणत दोन मिनिटं कोण थांबतं? आपण लिफ्टमधून उतरतो, चावी फिरवतो आणि सोसायटीच्या गेटबाहेर पडतो.

उकाड्यात पातळ ऑइल पाण्यासारखं होईल ही भीतीही लोक बोलून दाखवतात. डब्ल्यूनंतरचा आकडा त्यासाठीच असतो. चाळीस ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा शंभर अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये असावाच लागतो, पुढे ५डब्ल्यू लिहिलेलं असो की १५डब्ल्यू. आणि थर्मोस्टॅट ठीक असेल तर बाहेर बावीस अंश असोत की चौतीस, इंजिनाचं तापमान फारसं हलत नाही. त्यामुळे गरमी आहे म्हणून मॅन्युअलपेक्षा घट्ट ऑइल ओतायचं, याला काही आधार नाही.

लाख किलोमीटर पळाल्या म्हणता. पळाल्या असतील. बाबांचीही पळाली. पण त्या काळात त्यांनी दोनदा इंजिन खोललं, रिंगा बदलल्या, आणि दुसऱ्या वेळी आईच्या बांगड्या गहाण पडल्या. तुमच्या लाख किलोमीटरमध्ये इंजिनकाम किती वेळा निघालं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

ग्रुप ३ म्हणजे कच्च्या तेलापासूनच, पण खूप प्रक्रिया करून बनवलेलं मूळ ऑइल. त्याला सिंथेटिक म्हणावं का, हा वाद जुना आहे. १९९९ साली अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तो उभा केला होता आणि तिथल्या जाहिरातींचा निवाडा करणाऱ्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. लेखाचा तो विषय नव्हता, त्यामुळे त्यात मी इथेही शिरत नाही.

राहिलं ‘मिस्त्रीला विचारा’. चांगल्या मिस्त्रीबद्दल मला आदर आहे, त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. पण मिस्त्री म्हणाला म्हणून डोळे मिटून ओतायचं नसतं. माझ्या मामेभावाची बीएस सिक्स डिझेल गाडी आहे, म्हणजे एक्झॉस्टला डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. मॅन्युअलमध्ये एसीईए सी३ लिहिलेलं, म्हणजे असा फिल्टर असलेल्या गाड्यांसाठीचं युरोपीय मानक. त्याच्या नेहमीच्या गॅरेजने सलग दोन सर्व्हिसिंगला ड्रममधलं साधं डिझेल ऑइल घातलं, “सगळं एकच असतं” म्हणत. पुढे डीपीएफचा दिवा पुन्हा पुन्हा लागायला लागला आणि शेवटी फिल्टर साफ करायला उतरवावा लागला. सगळा दोष ऑइलचा, असं मी म्हणणार नाही. घर ते स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांचाही त्यात वाटा आहे. पण काजळी फिल्टरमध्ये जळून जाते आणि ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती साठत राहते, म्हणून तर कमी राखेचं ऑइल सांगितलेलं असतं. हे त्या मिस्त्रीला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असतं तर ‘मिस्त्रीला विचारा’ इतकं सोपं वाक्य तुम्ही लिहिलं नसतं.

पैसे उकळण्याबद्दल एकच हिशोब देतो. ताशी पन्नासने चाललेली गाडी दहा हजार किलोमीटर दोनशे तासांत करते. सकाळी एलबीएस रोडवर ताशी पंधराने रेंगाळणारी तेवढ्याच किलोमीटरला साडेसहाशे तासांहून जास्त इंजिन चालवते. मीटर दोन्हीकडे सारखाच दिसतो, ऑइल मात्र तिप्पट वेळ तापलेलं असतं. सिंथेटिक अशा तापण्यात जास्त टिकतं, म्हणून मी मुंबईकराला ते घ्या म्हणतो, आणि तेसुद्धा किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाने बदला म्हणतो. यात मला कोणी एक रुपया दिलेला नाही.

तुमची गाडी कोणती, कुठल्या सालाची, ते कळवा. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० लिहिलेलं असेल तर तेच घाला, मी हरकत घेणार नाही. नसेल तर ते पान उघडून इथे लिहा. प्रतिक्रिया राहील. फक्त ‘दलाल’ हा शब्द तुम्ही स्वतः मागे घ्यावा, एवढी माझी अपेक्षा आहे.