गुरुजींवरून भांडणारी माणसं

परदेशातल्या मराठी मंडळांचा एक अलिखित नियम असतो: कार्यक्रमात राजकारण नको. आम्ही स्वीडनमध्ये तो अगदी कसोशीने पाळतो. गणपतीत आरत्या, दिवाळीत फराळ आणि डिसेंबरात साने गुरुजी जयंती. २४ डिसेंबर म्हणजे इथल्या नाताळाची मुख्य संध्याकाळ, तेव्हा हॉल मिळत नाही. म्हणून जयंती आधीच्या एखाद्या शनिवारी उरकून घ्यायची. कुणीतरी 'श्यामची आई'तला उतारा वाचतं, चार जणी डोळे पुसतात, आपापल्या आईची आठवण निघते आणि पार्किंगची वेळ संपायच्या आत सगळे घरी जातात. कुणी दुखावत नाही. कुणी काही विचारतही नाही.

माझं माहेर पारोळ्याचं. यंदा डिसेंबरात मी घरी होते, तर भाऊ म्हणाला, "ताई, चाल, अमळनेरले कार्यक्रम शे." गुरुजींवर प्रेम करणाऱ्या माणसांचा मेळावा होता. शाळेतल्या मुली, सेवादलातले पांढऱ्या केसांचे आप्पा-नाना, दोन-तीन निवृत्त शिक्षक, आणि ज्यांचे वडील प्रताप मिलमध्ये कामाला होते अशी बरीच माणसं. दारातच एका आजींनी हात धरला, "कवय उनी वो माय?" मला त्या आजही नीटशा आठवत नाहीत, पण माझी आई, मावशी, चुलते, सगळ्यांची चौकशी झाली.

सुरुवात अपेक्षेप्रमाणेच झाली. प्रतिमेला हार, मुलींनी म्हटलेली प्रार्थना, मग भाषणं. पालगडचा हा कोकणी तरुण १९२३ मध्ये तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी अमळनेरला आला, १९२४ मध्ये शाळेत शिक्षक झाला, छात्रालय सांभाळू लागला, मुलांची अंथरुणं आवरू लागला, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढू लागला आणि १९३० मध्ये नोकरी सोडून मिठाच्या सत्याग्रहात उतरला. खानदेशात हे सगळं पाठ असतं. वक्तेही पाठ म्हटल्यासारखेच बोलत होते.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागच्या रांगेतून एसटीतून निवृत्त झालेले एक काका उठले. म्हणाले, "माझा एकच प्रश्न. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या गावात दोन साहित्य संमेलनं झाली. एक अखिल भारतीय, एक त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही. गुरुजी असते तर कुठल्या मांडवात बसले असते?"

मंचावरचे पाहुणे हसले. हा प्रश्न हसण्यावारी जाईल असं त्यांना वाटलं असावं. पण खाली बसलेल्यांना तो लागला होता. एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "दोन्हीकडे गेले असते. सतरंज्या उचलायला." टाळ्या पडल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक बाई तावातावाने उभ्या राहिल्या. "हेच तर चुकतं आपलं! सतरंज्या उचलणारा भला माणूस करून ठेवलाय गुरुजींना. पंढरपुराले काय सतरंज्या उचलाले गयथात का?"

पंढरपूरचा उल्लेख झाला आणि हॉलचा नूरच पालटला. मे १९४७. स्वातंत्र्य तोंडावर आलेलं, आणि हा माणूस विठोबाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करा म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसलेला. त्यांच्यावर तेव्हा टीका करणारेही विठ्ठलाचेच भक्त होते. कुणीतरी मिल कामगारांच्या लढ्याची आठवण काढली, कुणी १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. त्यासाठी गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडले होते. एका नानांचं म्हणणं, हे सगळं खरं, पण आजच्या दिवशी वाद नको. त्यावर बाईंचा सवाल, "मग कधी? पुण्यतिथीला?" पुण्यतिथी, म्हणजे ११ जून, हा शब्द आला की खानदेशातली माणसं जरा चाचरतात. १९५० मध्ये त्या दिवशी गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. दुसऱ्यांना धीर देणारा माणूस स्वतः इतका का खचला, यावर मेळाव्यात कुणी बोललं नाही. मला ते खटकलं. तिथे जे प्रश्न विचारायला कचरत नव्हते, ते सगळेच या एका जागी गप्प राहिले.

बाकी मात्र दीड तास नुसता कल्ला. आणि मला मजा येत होती.

आम्हा परदेशस्थांना गावाकडची अशी भांडणं आवडत नाहीत. 'आपल्या लोकांना भांडायला फक्त निमित्त हवं', हे वाक्य आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाइतकं नेमाने येतं. एकाच गावात दोन संमेलनं ही तर आम्हाला हसायला हक्काची गोष्ट. माझं मत नेमकं उलटं आहे. ज्या लेखकावरून माणसं अजून भांडतात, तो लेखक त्यांच्या कामाचा उरलेला असतो. आमच्या हॉलमध्ये गुरुजींबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, कारण तिथे गुरुजींकडून कुणाला काहीच नको आहे. आईच्या आठवणीने दोन अश्रू आले की काम झालं. 'श्यामची आई' हे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून झालेलं पुस्तक आहे. लिहिणारा कैदी होता आणि सरकारने त्याला उगाच आत टाकलं नव्हतं. आम्ही पुस्तकातली आई तेवढी विमानात घेतली आणि तुरुंग मागे ठेवला.

हे मला स्वीडनमध्ये राहून जास्त कळलं, हेही खरं. इथे गुरुजींच्या जागी कुणाला बसवायचं झालं तर अॅस्ट्रिड लिंडग्रेन या बालसाहित्यिकेला बसवावं लागेल. घरोघरी तिची पुस्तकं, वीस क्रोनरच्या नोटेवर तिचा चेहरा, तिच्या गावी, विमरबीला, तिच्या गोष्टींवर उभारलेलं भलंमोठं उद्यान. तिथलं तिकीट चांगलंच महाग आहे, आणि आत गेलं की अमळनेरचा फुकटचा चहा आठवतो. पण या बाईने १९७६ मध्ये करपद्धतीची टर उडवणारी एक गोष्ट वर्तमानपत्रात लिहिली आणि देश हादरला. त्याच वर्षी चाळीसहून अधिक वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला. एका गोष्टीने सरकार पडत नाही, पण त्या निवडणुकीविषयी बोलताना ही गोष्ट आजही निघते. १९७८ मध्ये तिने जर्मनीत मुलांना मारण्याविरुद्ध भाषण केलं. पुढच्याच वर्षी स्वीडनने मुलांना मारणं कायद्याने बंद केलं, असं करणारा तो जगातला पहिला देश. आणि लोक अजून तिच्याशी वाद घालतात. तिच्या सर्वांत लाडक्या पुस्तकातला कृष्णवर्णीयांसाठी हीन ठरलेला एक शब्द २०१५ च्या आवृत्तीतून काढला, तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. कुणी म्हणालं नाही की बालसाहित्यात राजकारण नको.

अमळनेरला शेवटी विषय अपेक्षेप्रमाणे हिंदीवर गेला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा सरकारी निर्णय एप्रिल २०२५ मध्ये आला, जूनमध्ये शब्द बदलून पुन्हा आला आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले. या सगळ्या गदारोळात गुरुजींच्या आंतरभारतीचा, म्हणजे प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावं या कल्पनेचा, दाखला दोन्ही बाजूंनी दिला. हिंदी हवी म्हणणारे सांगतात, गुरुजींना भारतातल्या सगळ्या भाषा मराठी मुलांनी शिकायला हव्या होत्या. नको म्हणणारे सांगतात, त्यात प्रेम होतं, सक्ती नव्हती. मला दुसरी बाजू पटते. पण त्या बाजूचे किती जण आपल्या मुलांना कन्नड किंवा गुजराती शिकवतात? सुरत-भुसावळ लाइनवरच्या गावात गुजराती शिकायला खरं तर काय हरकत आहे?

आणि मग आम्ही. स्वीडनमध्ये १९७७ पासून परदेशी मुलांना शाळेत मातृभाषा शिकायची सोय आहे. नगरपालिकेच्या हद्दीत निदान पाच मुलांची मागणी असली आणि शिक्षक मिळाला, तर पालिकेने त्या भाषेचा वर्ग चालवायचा असतो. भाषा मराठी असली तरी. आता आमच्या मंडळातल्या पालकांना विचारा. 'मराठीचा पुढे उपयोग काय?', 'शाळेनंतर तो फुटबॉलला जातो', 'घरी बोलतोच की आम्ही'. तेच लोक रात्री हिंदीसक्तीविरुद्धचे मेसेज चार ग्रुपवर पुढे ढकलतात. परक्या सरकारने मराठीसाठी शिक्षक द्यायची तयारी दाखवली तर अर्ज भरायला आमच्याकडे वेळ नाही, आणि आपल्या सरकारने काय करावं हे सांगायला मात्र भरपूर आहे.

मेळाव्यातलंच आणखी एक. त्या पंढरपूरवाल्या ताई तावात खानदेशच्या अहिराणी बोलीत बोलल्या तेव्हा सूत्रसंचालकाने लगेच, "ताई, मराठीत बोला, रेकॉर्डिंग चालू आहे," असं सांगितलं. त्या थबकल्या, मग प्रमाण मराठीत आल्या आणि त्यांच्या बोलण्यातला अर्धा जोर गेला. मराठी वाचवायची चर्चा अर्ध्या तासावर आलेली होती. भावाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. या गोष्टीवर मात्र कुणी वाद घातला नाही, आणि घालायला हवा होता. अमळनेरच्या शाळेत पहिलीत बसलेल्या पोराची मायबोली कुठली, हे हिंदीच्या भांडणात कुठल्याच बाजूने विचारलेलं मी ऐकलं नाही.

वाद पुढे जेवणाच्या पंगतीतही चालूच राहिला. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, वर कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. एसटीवाले काका माझ्या शेजारीच बसले होते. म्हणाले, "पोरी, उत्तर नाही मिळालं." मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कुठे बसले असते?" ते म्हणाले, "मला माहीत असतं तर विचारलं असतं का?" आणि आणखी भरीत मागितलं.

परत आल्यावर मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: पुढच्या जयंतीला उताऱ्याच्या जागी प्रश्नोत्तरं ठेवू या, पंढरपूरच्या उपोषणापासून सुरुवात करू, आणि आधी ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी मातृभाषेचे अर्ज भरू. दोन दिवसांत तीन उत्तरं आली. एकाने अर्जाची लिंक मागितली. एकीने कळवलं की हॉल तीनच तास मिळतो, त्यात प्रश्नोत्तरं बसणार नाहीत. तिसऱ्याने विचारलं, यात राजकारण तर येणार नाही ना?

मी लिहिलं, येणार.