फुकट अँटीव्हायरस निवडताना बाळगायची बेफिकिरी

घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकट अँटीव्हायरस शोधायला निघाला असाल, तर आधी एक अफवा डोक्यातून काढून टाका. ती अशी की, तो तुमच्याकडे आधीपासूनच आहे. ही अफवा पसरवणारी माणसं दिसायला सभ्य असतात. ती सांगतात की मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ नावाचा अँटीव्हायरस फुकट द्यायला सुरुवात केली, २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा तेच काम ‘डिफेंडर’कडे सोपवून त्याला विंडोजमध्येच बसवून टाकलं, आणि तेव्हापासून तो बिचारा एका कोपऱ्यात राबतोय. असेल. पण इतक्या वर्षांत त्यानं कधी ‘अभिनंदन, आज मी तुम्हाला वाचवलं’ असा निरोप दिलाय? पडद्याच्या कोपऱ्यातून उडी मारून तुमचं काम अडवलंय? ५० टक्के सवलतीचं घड्याळ उलटं फिरवून दाखवलंय? जो नुसता काम करतो आणि बोलत नाही, त्याच्या भरवशावर घरातले फोटो आणि बँकेचा पासवर्ड सोडायचा, हे कुणाच्याही मनाला पटणार नाही. आपल्याला बोलका अँटीव्हायरस हवा.

तो शोधणं अवघड नाही. शोधयंत्रात ‘फुकट अँटीव्हायरस’ असं टाइप करा आणि सर्वात वर जे येईल त्यावर क्लिक करा. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. बारीक अक्षरांत लिहिलंय म्हणजे फार महत्त्वाचं नसणार. पुढच्या पानावर डाउनलोडची चार-पाच बटणं दिसतील. त्यांतलं सर्वात मोठं आणि सर्वात हिरवं ते तुमचं. ज्यानं ते सॉफ्टवेअर बनवलंय त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाण्याचा अरसिकपणा करू नका.

निर्णय घेण्याआधी तुलना करायची सवयच असेल, तर ‘या वर्षीचे १० सर्वोत्तम’ छापाच्या याद्या वाचा. तिथे प्रत्येकाला साडेचार तारे असतात आणि प्रत्येकाखाली ‘इथून घ्या’ असं बटण असतं. त्या बटणामागून यादी करणाऱ्याला कमिशन मिळतं, पण माणसाला पोट आहेच. मात्र जर्मनीतल्या मॅग्डेबर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्थांच्या वाटेला जाऊ नका. ती मंडळी कॉम्प्युटरवर खरोखरचे व्हायरस सोडतात, किती पकडले ते मोजतात, किती निरपराध फाइलींना उगाच चोर ठरवलं तेही मोजतात, आणि मशीन किती मंदावलं याचीसुद्धा नोंद ठेवतात. सगळा कोरडा तक्त्यांचा कारभार. त्यात भर म्हणजे, त्यांच्या अलीकडच्या निकालांत तो कोपऱ्यातला डिफेंडर नामवंतांच्या रांगेत उभा दिसतो. एवढं वाचल्यावर पुढचं काही करायचंच उरत नाही. रविवारची अख्खी दुपार मोकळी पडेल, तिचं काय करणार?

खरं तर चांगला अँटीव्हायरस शोधावाच लागत नाही. तो स्वतःहून चालत येतो. तुम्ही एखादा सिनेमा फुकटात बघायला भलत्या साइटवर गेलात की पडदा लाल होतो आणि मजकूर झळकतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये २७ व्हायरस सापडले!’ ब्राउझरमधल्या एका पानाला तुमच्या हार्डडिस्कमध्ये डोकावता येत नाही असं जाणकार म्हणतात. पण त्या पानानं तीन सेकंदांत आकडा काढला, जाणकारांना तीन तासांत जमलं नसतं. शिवाय इथे तपासणी फुकट असते, पैसे फक्त व्हायरस काढायचे. ही परंपरा जुनी आहे. ‘विनफिक्सर’, ‘अँटीव्हायरस एक्सपी २००८’, मॅकवाल्यांना वाईट वाटू नये म्हणून २०११ मध्ये ‘मॅकडिफेंडर’, अशी एकाहून एक भारदस्त नावं तिच्यात होऊन गेली. विनफिक्सरच्या विक्रेत्यांवर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनं २००८ मध्ये खटला भरला. दहा लाखांहून जास्त लोकांना फसवल्याचा आरोप होता आणि २०१२ मध्ये न्यायालयानं १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. दहा लाख लोकांनी जे निवडलं ते वाईट असेल का, याचा तुम्हीच विचार करा.

लाल पडद्यावर फोन नंबर असेल तर आणखी उत्तम. लगेच लावा. पलीकडचा माणूस अतिशय नम्र असतो. तो तुम्हाला एक छोटं सॉफ्टवेअर टाकायला सांगेल, त्यातून तुमचा माउस त्याच्या हातात जाईल, मग तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची नोंदवही उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवेल. अशा लाल खुणा ठणठणीत विंडोजमध्येही शेकड्यांनी असतात. विंडोजची कुठलीशी सेवा वेळेत सुरू झाली नाही, की पडली एक खूण. पण हे त्याला विचारू नका, मन दुखावेल. आणि बोलता बोलता बँकेचं खातं उघडायला सांगितलं तर संकोच करू नका. इतक्या धीरानं तुमच्याशी कुणी अर्धा तास बोललं त्याला किती दिवस झाले?

समजा, एवढं नशीब नाही आणि तुम्ही नामवंत कंपनीचाच फुकट अँटीव्हायरस घेतला. तरीही नाउमेद होऊ नका. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट’ हे बटण डोळे मिटून दाबत चला. मधल्या पडद्यांवर काही चौकोनांत आधीच टिक केलेली असते, म्हणजे तुमच्या वतीनं कुणीतरी विचार करून ठेवलाय. त्यातून एक नवा ब्राउझर, एक शोधपट्टी, एखादा ‘पीसी क्लीनर’ आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ अशी सगळी वरात आत येईल. क्लीनर तर हवाच. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय साफसफाईवाल्याच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी आपला माल भरला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरांवर गेली. तेव्हा सीक्लीनरची मालकी अ‍ॅव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीकडे आलेली होती. योगायोग म्हणू या. त्याआधी काही आठवडेच विकत घेतली होती बिचाऱ्यांनी.

अ‍ॅव्हास्टचं नाव निघालंच आहे तर ‘फुकट’ या विषयावर दोन शब्द बोलायला हवेत. कारण काही कुत्सित लोक विचारतात, हजारो इंजिनिअरांचे पगार देणारी कंपनी तुम्हाला फुकट का बरं सांभाळते? प्रेम, दुसरं काय. २०२० च्या जानेवारीत ‘मदरबोर्ड’ आणि ‘पीसीमॅग’ या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटच्या पत्रकारांनी या प्रेमाचा हिशेब छापला. लोक कोणत्या साइटवर गेले, काय शोधलं, कशावर क्लिक केलं, कोणत्या क्षणी केलं, हे अ‍ॅव्हास्ट आपल्या फुकट अँटीव्हायरसमधून आणि ब्राउझरला जोडायच्या छोट्या पुरवणीमधून (एक्स्टेंशन) टिपत होती, आणि ‘जम्पशॉट’ नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होती. बोभाटा झाल्यावर काही दिवसांतच जम्पशॉटला टाळं लागलं. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार शंभराहून जास्त गिऱ्हाइकांना हा माल गेला होता. त्यातून माणसाचा धर्म, आजार, राजकीय कल, पैशाची परिस्थिती यांचा अंदाज बांधता येत होता. ‘आमचं सॉफ्टवेअर तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना अडवतं’ अशी जाहिरात हीच कंपनी करत होती. अडवलं असेलही. बाहेरच्यांना घुसू दिलं तर आपल्या मालाला भाव कसा मिळणार? २०२४ मध्ये कंपनीवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आली, आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी आली.

यात रागवण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. रात्री साडेअकराला तुम्ही कोणत्या दुखण्याची लक्षणं शोधलीत, त्यानंतर पावणेबाराला कोणता विमा पाहिलात, बारा वाजता कुणाच्या जुन्या फोटोंवर रेंगाळलात, याची एवढी आस्थेनं नोंद घरातल्या कुणी तरी ठेवली होती का?

तरीही तुम्हाला राग आलाच, तर कंपनी बदला. एव्हीजी घ्या. ती २०१६ पासून अ‍ॅव्हास्टचीच. मग अविरा घ्या. ती नॉर्टनवाल्यांनी घेतली. मग तावातावानं थेट नॉर्टनकडेच जा. २०२२ मध्ये नॉर्टन आणि अ‍ॅव्हास्ट एकत्र येऊन ‘जेन डिजिटल’ झाली. फिरून फिरून भोपळे चौकात. चार वेगवेगळे लोगो, चार वेगवेगळे रंग, निवडीचा आनंद मात्र चौपट. नॉर्टननं तर २०२१ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमध्ये क्रिप्टो, म्हणजे कॉम्प्युटरला आकडेमोडीला जुंपून मिळवायचं आभासी चलन, खणायचं यंत्रच घातलं होतं. तुम्ही होकार दिलात की तुमचा कॉम्प्युटर तुमच्या विजेवर रात्रभर खणणार आणि कमाईतले १५ टक्के कंपनी घेणार. चोरून क्रिप्टो खणणाऱ्या सॉफ्टवेअरला अँटीव्हायरस पकडतो. इथे निदान चोरी नव्हती.

यातला कुठलाही एकच निवडायचा, असं बंधन नाही. दोन टाका, तीन टाका. तज्ज्ञ म्हणतील एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणून तर दुसरा अँटीव्हायरस आला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. हा त्याचा भित्रेपणा. तुमचे तिघे असे मागे हटणार नाहीत. तुम्ही एक फाइल उघडायला गेलात की तिघेही ती आधी तपासायला धावतील, मग एकानं पकडून बंद करून ठेवलेला व्हायरस दुसरा पकडेल, आणि दुसऱ्याचे उद्योग तिसऱ्याला संशयास्पद वाटतील. कॉम्प्युटर सुरू होईतो चहा पिऊन होईल. एवढा वेळ लागतोय, म्हणजे आत काहीतरी जोरदार संरक्षण चाललंय, हे घरच्यांना सांगायला विसरू नका.

अँटीव्हायरस जागा आहे की नाही हे बघायला ‘आयकार’ची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते. ती खऱ्या व्हायरससारखी पकडली गेली पाहिजे, एवढाच तिचा खेळ. पण तुम्ही त्या फंदात पडू नका. हिरवी टिक दिसतेय ना? झालं. महिन्याच्या शेवटी ‘४३८ धोके अडवले’ असा अहवाल आला तर अभिमान वाटू द्या. त्यातले ४३५ साध्या कुकीज, म्हणजे साइटनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, निघाल्या, तरी आकडा आकडाच असतो.

फुकटाचा खरा शौकीन मात्र फुकट आवृत्तीवर थांबत नाही. तो पैशाची आवृत्ती फुकटात मिळवतो. क्रॅक! म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत. यासोबत एक सूचनापत्रक येतं, आणि त्यातली पहिली पायरी ठरलेली असते: आधी तुमचा अँटीव्हायरस बंद करा. दुसरी पायरी: ही फाइल ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवा. तिसरी: इशारा आला तर तो खोटा आहे, घाबरू नका. अँटीव्हायरस मिळवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करून अनोळखी माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या द्यायच्या, यापेक्षा निखळ श्रद्धा तुम्हाला कुठल्या देवळात दिसणार नाही. नंतर पासवर्ड गेले, तुमच्या नावानं मित्रांना पैशाचे मेसेज गेले, तर ‘अँटीव्हायरसचा काही उपयोग नसतो’ असं म्हणायला तुम्ही मोकळे.

एकदा बसवला की मग त्याला काम द्या. फ्रेड कोहेन नावाच्या संशोधकानं १९८० च्या दशकात गणितानं दाखवून दिलं होतं की जगातले सगळे व्हायरस बिनचूक ओळखेल असा प्रोग्रॅम बनूच शकत नाही. पण गणित हा आपला विषय कधी नव्हताच. येईल ती फाइल उघडा. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ असं लिहिलेल्या मेलनं जगभर धुमाकूळ घातला; सोबतची फाइल म्हणायला टेक्स्ट, आणि ती प्रोग्रॅम असल्याचं सांगणारं शेवटचं ‘व्हीबीएस’ विंडोजनं लपवलेलं. नेहमीच्या फाइलींचं हे शेपूट विंडोज आजही मुळात लपवूनच ठेवतं. ते दाखवण्याची सोय दोन-तीन क्लिकवर आहे, पण कशाला? ‘बिल.पीडीएफ’च्या मागे ‘ईएक्सई’, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, असल्याचं दिसलं तर उघडावंसं वाटणार नाही आणि अँटीव्हायरसला कामच उरणार नाही.

विंडोजचे अपडेट मात्र टाळा. ऐन कामात ‘रीस्टार्ट करू का?’ म्हणून विचारतात. ‘नंतर आठवण करा’ हे बटण त्याचसाठी आहे. २०१७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला होता. १२ मे रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, त्याच भोकातून आत शिरला. दोन महिने जेमतेम मिळाले होते लोकांना, एवढ्या घाईत कुणी रीस्टार्ट करतं का? विंडोज १० चे नेहमीचे अपडेट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला बंदच झाले, त्यामुळे तुमच्याकडे ते असेल तर ही कटकटही मिटली. वर एक फुकट अँटीव्हायरस टाका आणि निश्चिंत राहा.

राहता राहिला बॅकअप. इतका बंदोबस्त केल्यावर खरं तर त्याची गरज नाही. पण घेतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर बाहेरची हार्डडिस्क आणा आणि ती कॉम्प्युटरला कायमची जोडून ठेवा. काढणं-घालणं करण्यात पोर्ट खराब होतो. आणि आतल्या फोल्डरला ठळक ‘बॅकअप’ असंच नाव द्या, म्हणजे रॅन्समवेअरला शोधाशोध करावी लागणार नाही.