नाव काढलं म्हणजे माणूस निघून जातो का?

कोल्हापुरात तालमीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘कंपन्या नाव काढूनच डेटा वापरतात. लाखो लोकांत तुमच्याकडे कोण बघतंय? टीव्हीचं संशोधनही असंच चालतं. लपवण्यासारखं काही नसेल तर बिनधास्त परवानगी द्या. शेवटी कायदा आहेच.’ वाचल्यावर चटकन पटतं, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

आधी ‘नाव काढूनच’ बघू. मंगळवार पेठेतला एक फोन घ्या. रात्रभर पेठेत, पहाटे तालमीपाशी, नऊपासून शिरोली एमआयडीसीत, रविवारी जोतिबाला. नाव कुठंच नाही, तरी फोन कुणाचा हे गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगेल. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या निनावी नोंदी तपासल्या. ठिकाण आणि वेळ सांगणाऱ्या फक्त चार नोंदींवरून त्यातले ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता आले.

अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी तर जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरच ८७ टक्के लोकसंख्या वेगळी ओळखता येईल असा अंदाज काढला होता. आपल्याकडे एका पिनकोडमध्ये माणसं जास्त, त्यामुळं तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. पण महाद्वार रोडवर खरेदीला गेल्यावर सवलतीच्या कार्डाचा फॉर्म पुढं आला तर नीट वाचा. या तीन गोष्टींबरोबर मोबाइल नंबरही मागितलेला असतो. मग ओळखायचं राहिलं काय?

‘लाखो लोकांत कोण बघतंय?’ २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं साडेसहा लाख ग्राहकांचे इंटरनेटवरचे शोध नावाऐवजी क्रमांक घालून खुले केले. पत्रकारांनी काही दिवसांतच त्यातल्या एका बाईंना शोधून काढलं. गर्दी माणसाच्या नजरेला चकवते, संगणकाला नाही.

टीव्हीच्या मुद्द्यावर मात्र सरळसरळ दिशाभूल आहे. आपल्याकडे प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था निवडक घरांत, त्या घरांच्या संमतीनं मीटर बसवते. मीटर आवाजात मिसळलेली वाहिनीची खूण टिपतो. ही घरं कोणती, हे गुपित ठेवावं लागतं, कारण पत्ता फुटला की आमिष दाखवता येतं. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी नोंदवलेल्या टीआरपी प्रकरणात ठरावीक वाहिन्या लावून ठेवण्यासाठी घरांना पैसे दिल्याचाच आरोप होता. म्हणजे खासगीपणा सुटला की संशोधनही नासतं. याउलट टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओ कंपनीनं अमेरिकेत १ कोटी १० लाख टीव्हींवर काय पाहिलं जातंय हे न विचारता टिपलं आणि विकलं. २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. या दोन्ही गोष्टींना ‘असंच चालतं’ म्हणणं हा प्रामाणिक संशोधकांचाही अपमान आहे.

‘लपवण्यासारखं’ याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला दिलंय: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हक्क वापरायला कारण सांगावं लागत नाही.

राहिला कायदा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा चांगला आधार आहे. त्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि संमतीच्या मुख्य तरतुदींना तिथून पुढं १८ महिन्यांची मुदत दिली. शिवाय हा कायदा संमतीवर उभा आहे. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे, असं त्यात लिहिलंय. आणि हा मेसेज नेमकी तीच संमती न वाचता द्यायला सांगतोय.